सोडवलेल्या लडीची भेट

तोक्योत फेब्रुवारी लागला की शिवणसामानाच्या दुकानांत अगदी पुढ्यात जाडसर सुती कापडाचे तागे येतात. त्यांवर आगगाड्या, ससे, स्ट्रॉबेऱ्या. एप्रिलमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू होतं आणि त्याआधी पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या घरी पिशव्या शिवल्या जातात. पुस्तकांची वेगळी, वर्गात घालायच्या बुटांची वेगळी, व्यायामाच्या कपड्यांची नाडी ओढायची वेगळी. मापं शाळा सांगते; पुस्तकांची पिशवी बहुधा 30 बाय 40 सेंटिमीटरच्या आसपास. तयार पिशव्याही सर्रास मिळतात, पण घरी शिवून देण्याची रीत टिकून आहे.

माझ्या मैत्रिणीची मुलगी यंदा पहिलीत जाते आहे. मैत्रीण औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दिवसभर उभ्यानं काम, पाळणाघर बंद व्हायच्या आत मुलीला आणायचं, मग स्वयंपाक, अंघोळी, मुलीला झोपवणं. आणि या बाईला हातकामाची विलक्षण ओढ आहे. चहा पिता पिता ती माझ्या ओढणीची कड उलटून टाके बघते. तिचा वाढदिवस याच महिन्यात येतो.

अशा मैत्रिणीला काय द्यावं, याचा मी फार बारकाईनं विचार करते, कारण तिची आवड सध्या कर्तव्याच्या कचाट्यात आहे. पिशव्या शिवणं हेही शिवणकामच, पण ते तारखेचं. कडा सरळ हव्यात, नाडीचा नेफा नीट हवा, सोमवारी तयार हवं. त्यात हाताला सुख नाही.

पहिल्यांदा पावलं निप्पोरीकडेच वळतात. स्टेशनातून बाहेर पडलं की साधारण किलोमीटरभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापड, लेस, बटणं, चामडं, किमोनोचे तुकडे, चेन, अस्तर. मीटरला शंभर येनपासून कापड मिळतं. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काळात या व्यवसायातले लोक असाकुसा भागातून इकडे येऊन वसले आणि वस्तीची ओळखच कापडाची झाली. मला हा रस्ता पुण्याच्या रविवार पेठेइतका जवळचा आहे. तिथे गेलं की काहीतरी सुंदर घ्यावंसं वाटतं, आणि नेमकं तेच मी तिच्यासाठी घेत नाही. हातकाम करणाऱ्या माणसाकडे कापड कधीच कमी नसतं. तिच्या कपाटात न कापलेले तुकडे घडी करून ठेवलेले आहेत, प्रत्येकाचं काय करायचं हे ठरलेलं आहे, आणि तोक्योतल्या घरात दुसरं कपाट ठेवायला जागा नाही. आणखी एक मीटर कापड म्हणजे तिच्या राहून गेलेल्या कामांत आणखी एकाची भर.

अवजारांचंही तसंच. जिला काम येतं तिची कात्री ठरलेली असते. जपानी दोरा कापायच्या कात्र्या, एकाच पोलादी पट्टीला वाकवून केलेल्या, मुठीत मावणाऱ्या, इतक्या देखण्या असतात की हात तिकडे जातोच. पण ती हाताच्या सवयीची वस्तू आहे आणि ज्याची त्यानं निवडावी. शिवाय धारदार वस्तू भेट देऊ नये, नातं तुटतं, असं मानणारी वडीलधारी माणसं इथेही आहेत.

किमतीचाही विचार करावा लागतो. जपानमध्ये भेटीला परतभेट असते, तिला ओकाएशी म्हणतात. लग्न, बाळाचा जन्म अशा प्रसंगी आलेल्या भेटीच्या साधारण निम्म्या किमतीचं काहीतरी परत पाठवायचं, असा रिवाज. मैत्रिणींच्या वाढदिवसात एवढा काटेकोरपणा नसतो, पण महागडी वस्तू हाती पडली की मनात हिशेब सुरू होतोच. शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे आपल्या घरांतही शिकवलेलं असतं, म्हणून मला ही भावना परकी वाटत नाही. फक्त, जिला बसायला वेळ नाही तिला दुकानात जाऊन परतभेट निवडायला लावणं मला क्रूर वाटतं. म्हणून माझ्या भेटीची किंमत दोन हजार येनच्या आत.

यंदा मी साशिको, म्हणजे धावदोऱ्याचं जपानी भरतकाम, ठरवलं. दुपदरी पांढऱ्या सुती कापडाचा, साधारण 34 सेंटिमीटरचा चौकोनी फडका मिळतो. त्यावर नक्षीच्या रेघा छापलेल्या असतात, त्या रेघांवरून धावदोरा घालत जायचं, पूर्ण झाला की धुवायचा, रेघा निघून जातात आणि टाके उरतात. हे काम मूळचं गरजेचं. उत्तर जपानात आओमोरीच्या त्सुगारू भागात शेतकऱ्यांना सुती कपडे घालायची मुभा नव्हती. अंगावर तागासारख्या झाडाच्या धाग्याचं विरळ कापड आणि बाहेर गुडघाभर बर्फ. बायकांनी त्या निळ्या कापडाची वीण मोजून मोजून पांढरा सुती दोरा भरला, ऊब आणली, आणि त्यातून कोगिन नावाची शंकरपाळ्यांच्या आकारांची नक्षी उभी राहिली. तोक्योत कोमाबाला 1936 मध्ये उघडलेलं लोककलेचं संग्रहालय आहे, निहोन मिंगेइकान. तिथल्या संग्रहात जुने कोगिन कपडे आहेत. ज्या बायकांना दिवसभराची कष्टाची कामं होती त्यांचं हे शिवण आहे, ही गोष्ट मी फार महत्त्वाची मानते.

हातशिलाई निवडण्याचं आणखी एक कारण भिंतींचं. रात्री दहाला मूल झोपल्यावर इथल्या फ्लॅटमध्ये शिवणयंत्र चालवता येत नाही, खालच्या घरात आवाज जातो. सुई मात्र रात्री कितीही उशिरा चालते. नक्षीही मी विचार करून घेतली. लाटांची किंवा एकात एक गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी सुरेख दिसते, पण वळणावर टाके सारखे राखताना मन गुंतवावं लागतं. सरळ उभ्या-आडव्या रेघांची असली तर एक रेघ संपली की कुठेही थांबता येतं, आठवड्यानं उचललं तरी कुठे होतो ते लगेच कळतं. कापड पांढरं आणि दोरा गडद निळा, कारण दिव्याखाली थकलेल्या डोळ्यांना गडद कापडावरचे टाके दिसत नाहीत.

आता खरी भेट. साशिकोचा दोरा लडीत येतो. ती सोडवायची, गुंता होऊ न देता पसरायची, एका जागी सगळे पदर कापायचे, मधे सैल गाठ बांधायची आणि हलकी वेणी घालायची. म्हणजे एक-एक दोरा हवा तसा उपसता येतो. हे पाव तासाचं काम आहे, आणि याच पाव तासापायी कितीतरी आवडती कामं कपाटात पडून राहतात. रात्री दहाला कोण लडी सोडवत बसणार? मी ती सोडवली, वेणी घातली, काही सुयांमध्ये दोरे ओवून त्या कापडी पट्टीला टोचून ठेवल्या, फडक्याच्या कोपऱ्यात पहिली रेघ कुठून धरायची तिथे खूण केली, आणि सगळं एका डब्यात ठेवलं. डबा उघडला की हातानं लगेच टाका घालावा, एवढंच मला हवं आहे.

हे मी इथे शिकले नाही. गावाकडे गोधडी घालायची तर जुन्या लुगड्यांचे पदर अंगणात अंथरायला, सुरकुत्या काढून ताणायला, कच्चे टाके घालून जागच्या जागी धरायला शेजारच्या बायका येत. तेवढं काम सगळ्यांचं. पुढे धावदोरा घालत महिना-महिना जिची गोधडी ती एकटी बसे, सवडीनं, ओटीवर. सुरुवात एकटीनं उरकायची असती तर कितीतरी गोधड्या झाल्याच नसत्या.

डब्यात सुयांचं एक पाकीटही ठेवलं, कारण सुया बोथट होतात, वाकतात, मोडतात, त्या कधीच जास्त होत नाहीत. तिच्या मोडक्या सुया मात्र मी मागून घेतल्या. 8 फेब्रुवारीला असाकुसाच्या सेन्सोजी मंदिराच्या आवारात हारिकुयो असतो. वर्षभर राबलेल्या सुया बायका तिथे मऊ तोफूत टोचतात आणि हात जोडतात. कामाच्या दिवशी तिला जाणं जमत नाही. तिच्या सुया माझ्या सुयांबरोबर मी टोचून आले.

आणि एक गोष्ट डब्यात मावत नाही. पहिलीच्या मुलांना गणिताचा संच मिळतो. त्यात मोजायच्या चकत्या, काड्या, आकड्यांचे पत्ते, खेळण्यातलं घड्याळ, आणि यातल्या प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव लागतं. नखाएवढ्या चकतीवर चिमट्यानं धरून नावाची पट्टी चिकटवायची. मैत्रिणीशी माझं ठरलं आहे की मार्चमधल्या एका शनिवारी मी तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसून ते सगळं लावून टाकायचं. त्या वेळात तिनं फडक्यावर टाके घालावेत, नाहीतर खुशाल झोपावं.