पवनीच्या माणसाला खुर्ची द्या

चि. चिऊस,

रॉटरडॅमला पाण्याचंच शिकायला गेलीस, तेव्हा मी तुला विचारलं होतं की ऱ्हाइनच्या शेवटच्या टोकाला बसलेले डच लोक वरच्या देशांशी भांडत कसे नाहीत. तू म्हणालीस, ‘मामा, भरपूर भांडले.’ मग मी वाचत बसलो. फ्रान्समधल्या अल्सासच्या पोटॅश खाणी नदीत मीठ सोडायच्या आणि ते खारं पाणी खाली तुमच्या हॉलंडच्या बागांना लागायचं. शेवटी १९७६ साली करार झाला. मीठ रोखण्याच्या खर्चातला ३४ टक्के वाटा कुणी उचलला, तर ज्यांना त्रास होता त्या डचांनीच! फ्रान्स आणि जर्मनीने तीस-तीस टक्के दिले, स्वित्झर्लंडने सहा. आपल्या नागपुरात इतवारीच्या कुठल्याही ठेल्यावर असा हिशोब मांडला तर लोक वेड्यात काढतील. मला मात्र तो शहाणपणाचा वाटला.

आता आपलं घर बघ. नागपूरच्या नळाला येणारं बहुतेक पाणी पेंच नदीचं. ती उगम पावते छिंदवाडा जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. राज्याच्या सीमेवर तोतलाडोह, त्याखाली नवेगाव खैरी, तिथून कालवा, मग गोरेवाडा आणि मग आपलं स्वयंपाकघर. १९६४ च्या करारात पेंचचं पाणी वाटलं गेलं: मध्य प्रदेशाला ३५ टीएमसी, महाराष्ट्राला ३०. तोतलाडोहच्या १६० मेगावॅट विजेचे दोन भाग त्यांचे, एक आपला. विजेवरून फारशी कुरबूर ऐकली नाही, कारण तिची मोजणी रोज होते.

पाण्याचं तसं नाही. वर चौरईचं धरण झालं आणि आपल्याकडे ओरड सुरू झाली की त्यांनी आमचं पाणी अडवलं. बेटा, ते त्यांच्या वाट्यातलं पाणी अडवत होते. छिंदवाड्याच्या शेतकऱ्यालाही ओलीत हवंच की! खरी अडचण अशी की टीएमसीचे आकडे चांगल्या पावसाच्या वर्षी शोभून दिसतात. २०१९ च्या जुलैत पाऊस रुसला. चौरई वर, आपण खाली. तोतलाडोहच्या मृत साठ्याला हात लावावा लागला आणि नागपुरात पाणी दिवसाआड आलं. तुझ्या आईने त्या दिवसांत कूलर कोरडा ठेवला होता, तिला विचार. पुढे पाऊस आला, चौरईची दारं उघडली, तोतलाडोह भरला आणि सगळे विसरले. त्या वर्षी आपल्याला वाचवलं ते ढगांनी, कुठल्या व्यवस्थेने नाही.

व्यवस्था नव्हती असंही नाही. दोन्ही राज्यांचं आंतरराज्य नियंत्रण मंडळ आहे. १० मे २०२५ ला भोपाळला त्याची बैठक झाली, तापी पुनर्भरणाच्या करारावर दोन्ही मुख्यमंत्र्यांनी सह्या केल्या, छान झालं. पण त्याआधीची बैठक कधीची होती? सन २००० ची! तू जन्मायच्या आधीची म्हण ना. ऱ्हाइनचा आयोग १९५० पासून बसतो आहे. १ नोव्हेंबर १९८६ ला बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली, ती विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, हजारो ईल मेले. तेव्हा बोलायला माणसं आणि टेबल तयार होतं, म्हणून वर्षभरात कृती कार्यक्रम निघाला. आणि कोब्लेन्झच्या त्यांच्या सचिवालयाचा प्रमुख नेहमी डच असतो, म्हणे. सगळ्यात खालचा. ज्याच्या अंगणात सगळ्यांची घाण येते, त्याच्या हातात कामकाजाची दोरी. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि जरा फिरून आलो.

कारण नागपूर नुसतं खालचं गाव नाही. आपली नाग नदी अंबाझरीपासून बर्डी, महाल, पारडी असं शहर धुऊन निघते, कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर पुढे गोसीखुर्द. राजीव गांधींनी १९८८ साली पायाभरणी केलेलं धरण. तिथे पोचणाऱ्या पाण्यात आपलं सांडपाणी असतं. शेजारच्या जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या ढिवरांच्या जाळ्यात मासळीआधी जलपर्णी अडकते, आणि त्यांच्यासाठी चौरई म्हणजे आपण. नाग शुद्धीकरणाची दोन हजार कोटींच्या घरातली योजना, जपानच्या कर्जासह, कधीपासून कागदावर आहे. इकडे आपण नदीला सर्रास ‘नाला’ म्हणतो आणि छिंदवाड्याकडून न्याय मागतो.

मला वाटतं, पेंचवर मागतो ते आपण आधी नागवर द्यावं. सांडपाण्याचं मोजमाप दर महिन्याला पवनीला कळवावं, शुद्धीकरणावर देखरेख करणाऱ्या समितीत खालच्या गावचा माणूस बसवावा, आणि ढिवर समाजातला बसवावा, कलेक्टर कचेरीतला नव्हे. मग भोपाळला सांगता येईल की अवर्षणात कोणी किती सोसायचं हे पाऊस रुसायच्या आधी ठरवू, बैठक दरवर्षी घेऊ, चौरई-तोतलाडोहचे साठे दोघांनी एकत्र वाचू. सिंधू कराराचं काय झालं ते तू वाचतेसच. १९६० चा तो करार युद्धांतही टिकला, २०२५ च्या एप्रिलमध्ये स्थगित झाला. देशांमधलं आपल्या हातात नाही. दोन राज्यांमधलं आहे, आणि एका जिल्ह्याचं दुसऱ्या जिल्ह्याशी तर नक्कीच आहे.

तुझ्या अभ्यासातलं एक काम कर. ऱ्हाइनवर पाणी बिघडलं की खालच्यांना किती तासांत आणि कसं कळवतात, त्याची पद्धत मराठीत लिहून पाठव. महापालिकेला आणि पवनीच्या नगरपालिकेला एकेक प्रत मी स्वतः नेऊन देईन.

तुझा,
मामा
नागपूर