आवाज एकीकडे, ओठ दुसरीकडे

"सबटायटल येईना," एवढंच लोक सांगतात. सोलापूरच्या सात रस्ता चौकातून घरोघरी टीव्ही, राउटर आणि सिनेमांनी भरलेल्या हार्डडिस्कची गाठ घालून द्यायला जाणारा माणूस ते ऐकून रिमोटला हात लावत नाही. आधी विचारतो, "काहीच येईना, का भलतंच काहीतरी येतंय?" भलतं येत असलं की त्याला हायसं वाटतं. फाइल निदान टीव्हीपर्यंत पोचली आहे.

अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, तर प्लेअरच्या फॉन्टमध्ये ती लिपीच नाही. अक्षरं नीट, पण 'कि'ची वेलांटी क ओलांडून पलीकडे बसली आणि जोडाक्षरांचे पाय मोडले, तर फॉन्ट आहे, अक्षरं जुळवणारी व्यवस्था नाही. ती बहुधा प्लेअर बदलल्यावरच मिळते.

तिसरा प्रकार त्याच्या खास आवडीचा. पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ घेतलेल्या रोमन ए-ची रांग लागते आणि मध्येमध्ये जपानी येनची खूण डोकावते. यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. प्लेअरने ती फाइल विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य संकेतानुसार वाचली, की एकेका चिन्हाचे तीन तुकडे होतात. पहिला तुकडा म्हणजे तो रेघवाला ए. येन उमटते ती दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्तापायी. क-ख-गच्या वाट्याला ती येत नाही. तेलुगू फाइल अशीच फुटली तर येनऐवजी तापमानाच्या अंशाचं शून्य आणि अधिक-उणे दिसतं. कन्नड फुटली तर वर्ग आणि घनाचे बारके दोन-तीन. म्हणजे एक अक्षर वाचता येत नसतानाही मजकूर कोणत्या लिपीतला ते कळतं. मराठी, कन्नड, तेलुगू एकाच पेठेत ऐकू येणाऱ्या सोलापुरात ही विद्या रोज उपयोगी पडते. इलाज मात्र किरकोळ: सबटायटलच्या सेटिंगमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करायचं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराला हा उतारा लागू पडत नाही, तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो.

ओळी दिसतात, पण उशिरा किंवा आधीच? मग तो सिनेमाची सुरुवात बघतो आणि थेट शेवटाकडे उडी मारतो. दोन्हीकडे फरक सारखाच असला, तर व्हीएलसी प्लेअरमध्ये जी-एच या कळांनी ओळी मागेपुढे सरकवल्या की झालं. फरक वाढत गेला, तर सबटायटल दुसऱ्याच गतीच्या प्रतीसाठी केलेलं आहे. सेकंदाला २५ चित्रांच्या प्रतीवर बेतलेल्या ओळी २३.९७६ च्या प्रतीला लावल्या, तर तासाभरानंतरच्या प्रसंगाच्या त्या जवळजवळ अडीच मिनिटं आधी येतात. इथे सरकवून काही साधत नाही, सगळ्या वेळाच ताणाव्या लागतात.

आवाजाची तक्रार जास्त फसवी. "ओठ जुळेनात ओ," म्हणून बोलावणं येतं आणि समोर हिंदीत डब केलेला तेलुगू सिनेमा चालू असतो. त्यात ओठ जुळणार कसे? ओठ जुळायला त्या भाषेत वेगळं चित्रीकरण लागतं. मराठी बोलपटाच्या पहिल्या वर्षी, १९३२ साली, प्रभातने 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित केला. 'बाहुबली'ही तेलुगू आणि तमिळ अशा दोन भाषांत चित्रित झाला, हिंदी मात्र डब. म्हणून असा आवाज तपासताना तो नटाच्या तोंडाकडे बघतच नाही. दार आपटण्याचा, काठी जमिनीवर पडण्याचा क्षण शोधतो. तिथे चित्र आणि आवाज एकत्र आले, तर यंत्रात काही बिघाड नाही, हे यजमानांना पटवणं तेवढं उरतं. तेच अवघड.

चित्र चालू आणि आवाज अजिबात नाही, असं झालं तर तो आधी ट्रॅक बदलून बघतो. बऱ्याच टीव्हींना डीटीएस प्रकारचा आवाज उलगडता येत नाही, त्याच फाइलमधला डॉल्बीचा किंवा एएसीचा ट्रॅक बिनतक्रार वाजतो. टीव्ही डीएलएनएवरून, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून, फाइल उघडत असेल, तर बाजूला ठेवलेलं सबटायटल किंवा दुसरा ट्रॅक कित्येकदा यादीतच दिसत नाही. अशा वेळी टीव्हीशी भांडत न बसता तो 'कोडी' नावाचा प्लेअर चालवणारी छोटी पेटी जोडतो.

पूर्व भागातल्या एका घरी आजींना तेलुगू हवं होतं आणि नातवंडांना हिंदी. एमकेव्ही फाइलमध्ये दोन्ही आवाज होते, पण भाषेच्या रकान्यात दोन्हीकडे 'अनिश्चित', म्हणून प्लेअर दर वेळी पहिला ट्रॅक उचलायचा. तो हिंदी होता. या माणसाने एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅकना भाषा लावल्या, तेलुगूवर 'डीफॉल्ट'ची खूण केली आणि कोडीत आजींच्या नावाचं वेगळं प्रोफाइल काढून त्यात तेलुगूला पसंती दिली. सबटायटलच्या फाइलला सिनेमाचंच नाव देऊन शेवटी 'एमआर' जोडलं, म्हणजे मराठी ओळी आपोआप लागतील. धाकट्या नातवाने लगेच विचारलं, "मग हिंदी गेलं का?" तो म्हणाला, "आहे की, आजी झोपल्यावर लाव."