दडे

मागच्या दिवाळीनंतर मी मायक्रोस्कोपवर बसायचं सोडलं. उजवी तर्जनी थरथरते. चहाचा कप धरताना कुणाच्या लक्षातही येत नाही, पण भिंगाखाली कानातल्या तीन मिलिमीटरच्या रिकिबीच्या हाडाशेजारी सुईचं टोक हलताना दिसलं आणि त्याच दिवशी मी उठलो. तिथे असा हात न्यायचा नसतो. आता ऑपरेशनं माझी विद्यार्थिनी करते. मी मिरजेतली ओपीडी बघतो आणि दुपारी जुने केसपेपर काढून बसतो.

त्यातला एक केसपेपर मला सोडत नाही.

एकोणीस वर्षांची मुलगी, नर्सिंग शिकत होती. लहानपणापासून कान वाहायचा, पडद्याला मधोमध मोठं भोक. भूल कानापुरतीच दिली होती. कानशिलाच्या स्नायूवरचं आवरण काढलं, वाळवलं, भोकाच्या आतून सरकवलं. वाळलेलं ते आवरण कांद्याच्या पापुद्र्यासारखं असतं. ओल लागली की गोळा होऊ बघतं. एकही सुरकुती न पडू देता ते पसरणं मला जमायचं आणि त्याचा मला गर्व होता. टेबलावरच मी तिला हळूच विचारलं, "ऐकू येतंय का गं?" ती "हो सर" म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तीन महिन्यांनी तो पडदा इतका देखणा दिसत होता, की त्याचा फोटो पुढची चार वर्षं माझ्या प्रत्येक भाषणाची पहिली स्लाइड होता.

पाचव्या वर्षी ती परत आली. पडद्याला भोक नव्हतं, पण तो आत ओढला जाऊन ऐरणीवर आणि खालच्या हाडावर ओल्या फडक्यासारखा चिकटून बसला होता. जुना केसपेपर काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नाक : नॉर्मल'. खरं तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की नाक कायम चोंदलेलं असतं, रात्री तोंड उघडं राहतं, पहाटे शिंकांवर शिंका येतात. मी नाकात दुर्बीण घातलीच नव्हती. मला कानाची घाई होती. न बघता 'नॉर्मल' लिहिलं.

आंबा घाट उतरताना कानाला दडे बसतात. आई पोरांच्या तोंडात लिमलेटची गोळी देते. गोळी तोंडात चघळायची आणि सुटतो तो कान. गिळताना टाळूचा एक स्नायू ताणला जातो आणि कानातून नाकाच्या मागे जाणारी कानघशाची नळी अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ उघडते. साडेतीन सेंटिमीटरची ही नळी एरवी मिटलेलीच असते. पडद्यामागच्या पोकळीत जेमतेम एक-दोन मिलिलिटर हवा मावते आणि तिथलं अस्तर ती सतत शोषून घेत असतं. शोषलेली हवा त्या अर्ध्या सेकंदात भरून निघाली पाहिजे. दिवसभर, झोपेतसुद्धा. नाही निघाली तर पडदा आत खेचला जातो. मी त्या मुलीला नवा पडदा दिला होता, हवा दिली नव्हती.

पडदा डोळ्यांना दिसतो. हाडं दिसतात. नळीचं तोंड दुर्बिणीतून दिसतं, पण तिचा मधला अरुंद भाग, खरा अडेल भाग, दिसत नाही. सीटी काढला तर हाडातली वाट दिसते. ती वाट गिळताना उघडते का, ते दिसत नाही. टिंपॅनोमेट्री त्या क्षणाचा दाब सांगते. एकाच माणसाचा एकच कान सकाळी उणे दोनशे दाखवतो आणि दुपारी उणे तीस. मग ऑपरेशनआधी ही नळी पुढची वीस वर्षं काम करेल की नाही, हे ठरवायचं कशावरून? तीस वर्षं मी या प्रश्नाभोवती फिरतोय. दुसऱ्या कानाकडे बघा, तो कोरडा असेल तर नळी चांगली समजा, असं माझे गुरू सांगायचे. बऱ्याचदा ते खरं ठरतं. त्या मुलीचा दुसरा कान कोरडाच होता.

या नळीपर्यंत पहिल्यांदा हात घातला तो डॉक्टरने नाही. व्हर्सायच्या ग्वियो नावाच्या पोस्टमास्तरला ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्याने तोंडातून मागे वर वळवायची वाकडी नळी केली, स्वतःवर वापरली आणि 1724 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. नाक दाबून फुंकर मारण्याची युक्ती वाल्साल्वाने त्याआधीच, 1704 मध्ये लिहून ठेवली होती. व्हिएन्नाच्या पोलिट्झरने 1863 मध्ये साधा रबरी फुगा आणला: एका नाकपुडीत टोक, दुसरी दाबायची, पेशंटने पाण्याचा घोट गिळायचा आणि त्याच क्षणी फुगा दाबायचा. तो फुगा आजही माझ्या टेबलावर असतो. नव्या पोरांच्या टेबलावर मला तो दिसत नाही.

पोरांबद्दल माझी तक्रार हुशारीची नाही. एंडोस्कोपने ती कानाचे असे कोपरे बघतात जे मला कधी दिसले नाहीत. पण कॉन्फरन्समधला प्रत्येक व्हिडिओ ग्राफ्ट बसला की संपतो. यशाची टक्केवारी तीन नाहीतर सहा महिन्यांची. पाचव्या वर्षीचा कान कुणी दाखवत नाही. मीही दाखवला नाही. फक्त ती स्लाइड गुपचूप काढून टाकली. व्यासपीठावरून सांगायला हवं होतं, की या पडद्याचं पुढे हे असं झालं. तेवढं धैर्य मला झालं नाही. नळीत बलून फुगवायची नवी पद्धत आली आहे. काहींना तिचा फायदा होतो, हे मी मानतो. पण नाकाची ॲलर्जी तशीच ठेवून बलून घालणारे बघितले की मला माझंच 'नाक : नॉर्मल' आठवतं.

ती मुलगी परत आली त्याच सुमारास एक तंबोरे करणारे चाचा आले. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे. म्हणाले, "डॉक्टर, डाव्या कानानं खर्ज पोकळ लागतोय. जवारी बरोबर हाय, पोरगा म्हणतोय बरोबर हाय, मला पटंना." ऑडिओग्रामवर डावा कान नॉर्मलच्या हद्दीतच होता. दुसऱ्या कुणाला मी 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं असतं. 512चा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवला. ते लगेच म्हणाले, "डावीकडं वाजतंय." ज्या कानाला दडे बसतात, हाडातून आलेला आवाज त्याच कानात मोठा लागतो. दाब मोजला तर उणे. ताठरलेला पडदा आधी खालचे सूर गाळतो. मशीनला जे जेमतेम कळलं, ते चाचांना चार तारांत कळलं होतं. नाकात दुर्बीण घातली. लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास यांनी आतलं अस्तर सुजून फिकं पडलेलं. तोंडाला फडकं, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, फवारा. दीड महिन्याने निरोप आला की खर्ज भरला.

त्या दिवशी मी त्या मुलीला फोन केला. तिच्या दुसऱ्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, ती पुढे ढकलली. आठ महिने फक्त नाक. ती वैतागली, कानासाठी आलेल्या माणसाला नाकाचं औषध देत राहिलं की तो वैतागतोच. मग दुसरं ऑपरेशन झालं. या वेळी आवरण नाही, कानाच्या पुढच्या कूर्चेची चकती, सहजासहजी आत न ओढली जाणारी. विद्यार्थिनीने ती बसवली, मी शेजारच्या भिंगातून बघत होतो. माझ्या पडद्याइतका तो देखणा नाही. जाड, पांढरट. फोटो काढला नाही.

गेल्या सोमवारी ती तपासायला आली. कूर्चा जाड, गिळताना पडदा हलतो का ते डोळ्यांना दिसेना. मग मी कपाटातून जुनी रबरी नळी काढली: एक टोक पेशंटच्या कानात, दुसरं आपल्या. गिळताना कानघशाची नळी उघडली तर बारीक 'टक्' असा आवाज येतो. मी टोक माझ्या कानात घातलं. ती घोट घोट पाणी गिळत होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. पासष्टी ओलांडलेल्या कानांना तो आवाज नाही पकडता येत. टोक मी विद्यार्थिनीकडे दिलं.

तिने डोळे मिटले. मुलीने घोट घेतला. काही नाही. "परत एकदा गीळ," मी म्हणालो. पुन्हा घोट. विद्यार्थिनीने एक बोट वर केलं.

"आला का?"

"आला वाटतं, सर," ती म्हणाली. "अजून एकदा ऐकू दे."

मी लोटीतलं पाणी मुलीच्या पेल्यात ओतलं.