असईचे रणांगण : आपण कोणत्या बाजूला होतो?

सुट्टी लागली की आपली कुटुंबे सफरीला निघतात. कुणी खुलताबादला जियारतीसाठी जाते, कुणी वेरूळ-अजिंठा बघायला, कुणी हैदराबादला नातेवाइकांकडे. अजिंठ्याला जाणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या माणसांना मात्र हे क्वचितच ठाऊक असते, की तिथून जवळच, जालना जिल्ह्यात, असई नावाचे एक लहानसे गाव आहे आणि तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी हिंदुस्थानच्या नशिबाचा एक मोठा निकाल लागला. मुलांना घेऊन एकदा तरी पाहावी अशी ही जागा आहे.

शिरूर अनंतपाळहून निघायचे तर लातूर, अंबाजोगाई करत जालना गाठावे आणि मुक्काम तिथेच करावा. जमशेदखानाने बांधलेली जालन्याची काळी मशीद पाहून होते आणि सकाळी ताज्या मनाने भोकरदनकडे निघता येते. भोकरदन केळणा नदीच्या काठी आहे. याच नदीच्या काठाने भोकरदनपासून असईपर्यंत शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची छावणी पसरली होती. पुढे केळणा आणि उत्तरेची जुई या दोन नद्या एकमेकींकडे झुकत जातात आणि मिळतात. त्यांच्या मधल्या जिभेसारख्या पट्टीत असई आहे.

तिथे किल्ला नाही, बुरूज नाही. काळी जमीन, पिके आणि नदीचे पात्र, एवढेच. म्हणून घरून निघण्यापूर्वीच मुलांना हकिकत सांगून ठेवावी, नाहीतर ती म्हणतील, ‘अब्बा, इथे बघायचे काय?’

हकिकत अशी. दुसऱ्या बाजीराव पेशव्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून इंग्रजांची फौज पदरी घेतली. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांना ते मानवले नाही. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. १२ ऑगस्टला त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि तो शिंद्यांच्या पाठलागावर निघाला. असईजवळ अवचित सारी छावणीच समोर आली. त्याच्यापाशी सुमारे साडेनऊ हजार माणसे होती. समोर कवायती पायदळच दहा हजारांच्या वर, शिवाय हजारोंचे घोडदळ आणि शंभरावर तोफा.

नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला दुर्बिणीतून नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावे अशी समोरासमोर असतील तर मधून येण्याजाण्याची वाट असणारच, हे त्याने ताडले. आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला हे कळले असते! त्या उताराने फौज पलीकडे गेली. शिंद्यांच्या पलटणींचा मुख्य पोलमन हा जर्मन होता. त्याने चपळाईने सारी फळी वळवून तोफा समोर आणल्या. त्या तोफांनी इंग्रजांची रांगच्या रांग कापून काढली. असई गावाच्या तोंडाशी गेलेली ७४ वी हायलँडर पलटण तर जवळजवळ संपली.

इथे उभे राहिल्यावर मनात राहतात ते गोलंदाज. पायदळ मागे हटले तरी ते तोफांपाशीच लढत राहिले आणि तिथेच पडले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांनी पाठीमागून पुन्हा मारा सुरू केला. त्यांची एकेकाची नावे इतिहासात नाहीत. संध्याकाळपर्यंत लढाई संपली. इंग्रजांकडचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी झाले. शिंद्यांकडचे मेलेले आणि जखमी मिळून सुमारे ६००० असावेत असा अंदाज आहे. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांच्या जखमींचा दवाखाना अजिंठ्याला उघडला गेला.

एवढे ऐकले की मुले हमखास विचारतात, ‘अम्मी, आपण कोणत्या बाजूला होतो?’ हा प्रश्न टाळू नये. आज मोबाईलवर जो इतिहास फिरतो त्यात एका बाजूला एक धर्म आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असे सोपे चित्र असते. असईची माती ते चित्र खोटे ठरवते. शिंद्यांच्या कवायती पलटणींत अवध आणि दुआबातले रजपूत आणि मुसलमान खांद्याला खांदा लावून होते. बेगम समरूच्या पलटणी त्यांच्याच बाजूने आल्या होत्या. समोर इंग्रजांकडेही मद्रासचे देशी घोडदळ होते, ज्यात मुसलमानांचा मोठा भरणा असे. म्हैसूरचे स्वारही इंग्रजांच्या बाजूने होते, टिपू सुलतान शहीद होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. हैदराबादचा निजाम इंग्रजांचा दोस्त होता. खुद्द पेशवाही इंग्रजांच्या आश्रयाला होता आणि यशवंतराव होळकर लांब राहून पाहत होते. म्हणजे आपली माणसे दोन्ही बाजूंना होती, मराठी माणसांचीही आणि मुसलमानांचीही. जिंकली ती कंपनी. त्याच महिन्यात, ११ सप्टेंबरला, दिल्लीजवळ शिंद्यांच्या पलटणी हरल्या आणि शिंद्यांच्या छायेत असलेला मोगल बादशहा शाहआलम कंपनीच्या ताब्यात गेला. बादशहा आणि मराठे एकाच महिन्यात, एकाच शत्रूपुढे वाकले.

हा गुंता आपल्या लातूर जिल्ह्यातही पाहायला मिळतो. शिरूर अनंतपाळहून जवळच असलेल्या उदगीरला १७६० मध्ये पेशव्यांनी निजामाला हरवले, ते इब्राहिमखान गारदीच्या तोफखान्याच्या बळावर. पुढच्याच वर्षी पानिपतावर तो मराठ्यांसाठी लढताना पकडला गेला आणि मारला गेला. मुलांना आधी उदगीरचा किल्ला दाखवावा, मग असई. दोन्ही मिळून धडा पुरा होतो.

पृथ्वीवर फिरा आणि आधीच्या लोकांचा शेवट काय झाला ते पाहा, ही कुरआनची शिकवण आहे. रणांगणावर ती जास्त पटते. तिथे सेल्फी काढून परतू नये. ज्यांना नावाचा दगडही मिळाला नाही त्या ईमानवाल्यांसाठी मगफिरतीची दुआ करावी. आणि बाकीच्यांचे काय, असे मुलांनी विचारले तर त्यांना सांगावे की एका यहुदी माणसाची अंत्ययात्रा जाताना आपले प्रेषित (स.) उठून उभे राहिले होते. तोही एक जीवच होता, हेच त्यांनी सोबत्यांना समजावले. त्या शेतात स्कॉटलंडहून आलेला पोरगाही पडला आहे आणि अवधचा गोलंदाजही. दोघांच्याही आया घरी वाट पाहत होत्या.

थोडे व्यवहाराचे. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते जानेवारी, जावे. नदीत पाणी असते, म्हणून उतार का महत्त्वाचा होता ते मुलांना डोळ्यांनी दिसते. उन्हाळ्यात सावली मिळणे कठीण. पाणी आणि डबा सोबत घ्यावा. जमीन शेतकऱ्यांची आहे, विचारल्याशिवाय बांध ओलांडू नये. नांगरताना इथे तोफेचे गोळे सापडल्याचे सांगतात, कुणी विकायला आणला तरी घेऊ नये. गावातल्या एखाद्या बुजुर्गाला सलाम-नमस्कार करून दोन गोष्टी विचाराव्या. आणि परतीच्या वाटेवर मुलांकडूनच लढाई ऐकावी. कोण कोणत्या बाजूला होते हे सांगताना ती अडखळली, तर समजावे की सफर कारणी लागली.