उन्हाळ्यातला बाजा

मुलांनो, आमच्याकडचं लग्न बघायचं असेल तर मे महिन्यात पांढरकवड्याला या. येताना डोक्याला दुपट्टा बांधा आणि खिशात कांदा ठेवा! पारा ४४ अंशांवर जातो आणि नेमके तेव्हाच घरोघरी मांडव पडतात. कापूस विकून झालेला, शेत रिकामं आणि शाळांना सुट्ट्या. मग दुसरं काय होणार?

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याचं ठिकाण. श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग इथूनच जातो. दक्षिणेला पैनगंगेपलीकडे तेलंगणा. म्हणून या भागात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामीही कानावर पडते.

वरात निघाली की पुढे बँड. ट्रम्पेटला तीनच कळा असतात, तरी त्यातून अख्खं गाणं निघतं. कसं? बाकीची करामत ओठांची! ओठ कमी-जास्त आवळले की सूर बदलतो. क्लॅरिनेटच्या तोंडाशी एक पातळ पट्टी असते. वाजवणारा ती आधी जिभेनं ओली करतो.

आता एक गंमत. २० अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो, तर ४४ अंशांना सुमारे ३५७ मीटर. त्यामुळं भर उन्हात फुंकवाद्यांचा सूर थोडा चढतो. बँडमास्तर ही आकडेमोड करत नाही, त्याचा कानच सांगतो. डफड्याचं तंत्र वेगळं. त्याचं कातडं सैल पडलं की वाजवणारे काड्या पेटवून शेकतात, मग ते कसं टणटण बोलतं!

गोंड समाजाची परंपरा आणखी निराळी. परधान मंडळी किकरी वाजवून गोंडांच्या पूर्वजांच्या, देवांच्या कथा गातात. किकरी म्हणजे गजानं वाजवायचं तीन तारांचं वाद्य. आवाज बारीक, पण जवळ बसून ऐकावा असा. डीजेच्या भिंतीपुढं तिचं काय चालणार?

खरं सांगतो, मला डीजे आवडत नाही. छातीत धडधडतं आणि शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. पण तक्रार एवढीच नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील क्लॅरिनेट वाजवतात. पूर्वी उन्हाळाभर सुपाऱ्या असायच्या, आता मधले कितीतरी दिवस कोरडे जातात. एकदा मी त्या मुलाला विचारलं, "तू शिकतोस का रे?"

"बाबा नाही म्हणते सर. म्हणते, पोट भरत नाही यानं."

"मग?"

त्यानं दप्तरातून पपईच्या देठाची पिपाणी काढली आणि वरातीतली अख्खी चाल वाजवून दाखवली. सगळा वर्ग बाकं बडवायला लागला. मीही थांबवलं नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की त्याचे वडील क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि कपाशी टोबायला शेतावर जातात. ती पेटी घरात कुठं ठेवलेली असते, हे त्या मुलाला बरोबर ठाऊक आहे.