ताण आणि बहार : घाणेवाडी ते जांब

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात आजही कानी पडते. कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले जालना शहर पूर्वीपासून व्यापाराचे. कापूस आणि धान्य यांच्या बाजारपेठेने त्याला नाव मिळवून दिले. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि जालन्याची ओळख बियाण्यांचे शहर अशी झाली. पुढे लोखंडी सळयांच्या कारखान्यांनी तीत भर घातली. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा म्हणून जालना नकाशावर आला. मात्र सोन्याच्या पाळण्याची ही ख्याती शहराची. शहराबाहेर पडले की पावसाच्या लहरीवर जगणारा मुलूख सुरू होतो. येथे एखाद्या वर्षी नद्या दुथडी भरतात आणि दुसऱ्याच वर्षी टँकरची वाट पाहावी लागते.

अशा मुलखात ‘आज किती खर्चावे आणि उद्यासाठी किती राखावे’ हा प्रश्न घरोघरी रोजचा असतो. वयाची साठी ओलांडलेल्यांना आणि त्यांची देखभाल करणाऱ्या मुला-सुनांना तर तो अधिकच जवळचा. म्हाताऱपणाची तरतूद करता करता जगणेच राहून गेले, असे कुणाला वाटते. कुणाला वाटते, हात सैल सोडला म्हणून आता हात पसरावा लागतो आहे. या दोन्ही खंतांची उत्तरे जालना जिल्ह्यातील पाण्याच्या आणि बागांच्या व्यवहारात सापडतात. म्हणून घाणेवाडीपासून जांबपर्यंतची वाट एकदा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

शहराजवळचा घाणेवाडीचा तलाव निजामकालीन. पिढ्यान्‌पिढ्या त्याने जालन्याची तहान भागवली. २०१२-१३ च्या दुष्काळात मात्र तो कोरडा पडला. तेव्हा पाऊस अपुरा होता हे खरेच; पण वर्षानुवर्षे वाहून आलेला गाळही तळाशी साचला होता आणि तलावात मावणारे पाणी गुपचूप घटत गेले होते. बांध जागच्या जागी होता, काठावरून तलाव तेवढाच मोठा दिसत होता. आतली खोली मात्र उरली नव्हती. नागरिक एकत्र आले, लोकसहभागातून गाळ उपसला गेला आणि तोच गाळ शेतकऱ्यांनी आपल्या रानात नेऊन पसरला.

आपल्या बचतीतही असाच गाळ साचतो. त्याचे नाव महागाई. ती वर्षाला सहा टक्के धरली, तर साधारण बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. साठाव्या वर्षी ज्या घराला महिना २० हजार रुपये पुरतात, त्याच घराला बहात्तराव्या वर्षी ४० हजार आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी ८० हजार लागतील. पासबुकातील आकडा तेवढाच दिसतो, त्याची खोली कमी झालेली असते. म्हणून ‘एकदा ठेव ठेवली, आता चिंता नाही’ असे म्हणून चालत नाही. दर वर्षी एकदा मुलांना किंवा जाणत्या माणसाला शेजारी बसवून ठेवींचा, व्याजाचा आणि खर्चाचा मेळ पाहावा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि दर तीन महिन्यांनी व्याज हाती येते. असा नियमित झरा वृद्धापकाळी मोठा आधार ठरतो. शेतकऱ्याला तर सेवानिवृत्तीचा दिवसच नसतो. त्याच्यासाठी २०१९ मध्ये किसान मानधन योजना आली. अठरा ते चाळीस या वयातील अल्पभूधारकाने वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार भरते आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. रक्कम लहान आहे. पण तिच्यासाठी तरुणपणी सोडावे लागणारे सुखही लहानच आहे. नातवंडांना हे सांगण्याचे काम आजी-आजोबांनी करावे.

साठवलेले पाणी वापरावे कसे, हे पाहायचे तर जालना तालुक्यातीलच कडवंची गावात जावे. १९९० च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने येथे पाणलोट विकासाची कामे झाली. पुढे गावकऱ्यांनी शेततळी खोदली, द्राक्षबागा उभ्या केल्या, आणि जिल्हा होरपळत असताना हे गाव तगले. येथील शेततळे पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात बागेला पाजून रिकामे होते. जपून ठेवायचे म्हणून ते कुणी भरलेलेच ठेवले, तर मराठवाड्याचे ऊन ते पाणी उडवून नेईल आणि शेजारी बागही वाळेल. ज्या वयात पैसा आपल्या उपयोगी पडावा त्या वयात तो वापरलाच नाही, तर त्याचेही असेच होते. काटकसरीची सवय इतकी अंगवळणी पडते की गरज समोर उभी राहिली तरी हात खिशाकडे जात नाही.

जालन्याहून दक्षिणेस अंबडकडे निघाले की मोसंबीच्या बागा दिसू लागतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या बागांमध्ये ‘ताण’ हा शब्द आपल्या नेहमीच्या अर्थाहून वेगळ्या अर्थाने वापरतात. आंबे बहार धरायचा असेल तर हिवाळ्यात झाडाचे पाणी तोडतात. पाने फिकट होतात, काही गळतात. झाडाची वाढ थांबते आणि अन्नसाठा फांद्यांत जमा होतो. मग ठरलेल्या वेळी पाणी सुरू करायचे, की झाड फुलांनी लगडते. ताण दिलाच नाही तर पालवी फुटत राहते, फुले नीट येत नाहीत. ताण लांबला तर झाड खंगते. हलक्या जमिनीत तो थोडे दिवस, भारी जमिनीत अधिक दिवस द्यावा लागतो. सगळ्यांना एक माप लागू पडत नाही. शिवाय एकाच वर्षात दोन्ही बहार घेऊ नयेत, असे जाणते बागायतदार सांगतात, कारण त्याने झाडाची ताकद ओसरते.

संसारातील काटकसर हाही असा ताणच. मुलांच्या शिक्षणासाठी, घरासाठी, म्हातारपणासाठी मन मारणे योग्यच होते. त्यावाचून पुढे काही फुलले नसते. परंतु बागायतदार ताण देतो तेव्हा तो कधी तोडायचा तो दिवसही त्याच्या मनात ठरलेला असतो. आपल्याकडे अनेक घरांत ताण सुरू होतो आणि तो संपवण्याचा दिवस कुणीच ठरवत नाही. सत्तरीतील आजोबा चष्म्याची काच तडकली तरी ‘चालतंय की’ म्हणतात. आजी गुडघ्याचे दुखणे अंगावर काढतात. खात्यावर ठेव असते आणि न्हाणीघरात आधाराला धरायचा दांडा नसतो.

बागेत आणखी एक रीत आहे. ताण सोडताना झाडाला एकदम भरपूर पाणी देत नाहीत. पहिले पाणी हलके, त्याला आंबवणी म्हणतात. काही दिवसांनी दुसरे, आणि मग पूर्ण. जन्मभर मन मारलेल्या माणसालाही एका दिवसात खर्चिक होता येत नाही, आणि होऊही नये. पहिले पाणी प्रकृतीला द्यावे. मोतीबिंदू वेळेवर काढणे, कानाचे यंत्र, दातांची कवळी, न पडण्यासाठी घरात केलेल्या सोयी हे खर्च चैनीचे नव्हेत. दृष्टी अधू असताना पडण्याचा धोका वाढतो आणि खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेहून कितीतरी मोठा खर्च आणि परावलंबन पदरी येते. नेत्रोपचारासाठी जालन्यातच श्री गणपती नेत्रालयासारखे रुग्णालय आहे. रुग्णालयाच्या खर्चाची धास्ती हेच बहुतेक ज्येष्ठांच्या हात आखडण्याचे कारण असते. त्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डाद्वारे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. घरातील तरुणांनी हे कार्ड काढून द्यावे. ती धास्ती कमी झाली की उरलेल्या पैशाकडे मोकळ्या मनाने पाहता येते.

अंबडला पोहोचलो की मत्स्योदरी देवीचे मंदिर लागते. टेकडीचा आकार माशासारखा म्हणून हे नाव. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. दर्शनासाठी पायऱ्या चढून जावे लागते. राज्य परिवहनच्या बसमध्ये पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या प्रवाशांना निम्मे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास विनामूल्य आहे. ही सवलत मोठ्या मायेची आहे, तिचा लाभ जरूर घ्यावा. परंतु तिकीट शून्य होते त्या वयात पायऱ्या जड झालेल्या असतात, हेही टेकडीच्या पायथ्याशी उभे राहिले की कळते. काही सुखांना पैसा लागतो, काहींना गुडघे. गुडघ्यांची सुखे पुढे ढकलता येत नाहीत. म्हणून तरुण मुलगा-सून चार दिवस कुठे फिरून आले, तर वडीलधाऱ्यांनी ‘एवढा खर्च कशाला’ असे लगेच म्हणू नये. आधी एवढेच विचारावे की महिन्याची बचत बाजूला काढली होती ना? काढली असेल, तर तो प्रवास त्यांच्या वयाचा हक्क आहे.

अंबडच्या पुढे घनसावंगी तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली येथे ठोसर घराण्यात त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेलेला हा मुलगा बारा वर्षे तपात आणि बारा वर्षे तीर्थाटनात घालवून आईला भेटायला परतला, असे परंपरा सांगते. तोवर वाट पाहून राणूबाईंची दृष्टी गेली होती आणि पुत्राच्या स्पर्शाने ती परत आली, अशी श्रद्धा आहे. आपल्या घरात असे चमत्कार घडत नाहीत. येथे डोळे शस्त्रक्रियेनेच उजळतात आणि भेट वेळेवरच घ्यावी लागते. पुण्या-मुंबईत हप्ते फेडणारी मुले ‘कर्ज फिटले की आईला पंढरपूरला नेऊ’ म्हणतात. कर्ज वीस वर्षांचे असते. आईच्या हाती तेवढी वर्षे असतीलच असे नाही. घरातील आजारी माणसाची सेवा करणाऱ्या सुनेच्या किंवा लेकीच्या बाबतीतही हेच. ‘यांचे सगळे पार पडले की मग माझे’ म्हणत तिचा ताण वर्षानुवर्षे लांबतो. आठवड्यातून एक दुपार तिला मोकळी मिळावी, याची व्यवस्था साऱ्या घराने मिळून करायची असते.

म्हणून या पंधरवड्यात एक साधे काम करावे. वहीचे एक पान घ्यावे आणि त्याचे तीन भाग करावेत. पहिल्यात आजारपणासाठी आणि रोजच्या निर्वाहासाठी किती राखायचे ते लिहावे. या रकमेला हात लावायचा नाही; आणि घर किंवा जमीन मुलांच्या नावे करून देण्याची घाईही करायची नाही. दुसऱ्यात मुला-नातवंडांना काय द्यायचे ते. तिसऱ्या भागात स्वतःसाठी, शरीर साथ देते आहे तोवर करायच्या गोष्टी लिहाव्यात : डोळ्यांची तपासणी, माहेरची भेट, जुन्या मैत्रिणीकडे चार दिवस, एखादे देवदर्शन. या तिसऱ्या भागातील प्रत्येक गोष्टीपुढे रकमेबरोबर तारीखही घालावी, आणि पहिल्या तारखेचे तिकीट घरातील तरुणाने त्याच दिवशी काढून द्यावे.