खुणेचे कूळ

वकिली करणाऱ्या माणसाचे अर्धे आयुष्य व्याख्या वाचण्यात जाते. अधिनियमाच्या आरंभी असलेले व्याख्यांचे कलम नवखा वाचक ओलांडून पुढे जातो. खटल्याचा निकाल मात्र पुष्कळदा तिथेच लागलेला असतो. ही गोष्ट आम्ही कैक वर्षे इतरांना सांगत आलो. ती आम्हीच कशी विसरलो, याची ही कबुली आहे.

जमिनीच्या हक्कांविषयी आमच्या कचेरीची एक मार्गदर्शिका आहे. मराठी आणि कोंकणी, छापील पुस्तिका आणि सुटी पत्रके, सारे एकाच मूळ मजकुरातून निघते. तो मजकूर आमच्या भाच्याने ‘डिटा’ नावाच्या रचनेत बसवून दिला. एक्सएमएलवर आधारलेली ही रचना आयबीएम कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिकांसाठी जन्मली आणि 2005 साली ओएसिस या संस्थेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. तिच्यात मजकूर कसा दिसावा हे सांगायचे नसते, तो काय आहे हे सांगायचे असते: ही पायरी, हा इशारा, ही संज्ञा. अशा प्रत्येक खुणेला ‘घटक’ म्हणतात.

संज्ञेसाठी ‘टर्म’ हा एकच घटक होता. मुंडकार, कूळ आणि भाडेकरू हे तिन्ही शब्द आम्ही निःशंक मनाने त्यात घातले. पुढे सोप्या भाषेतील पत्रक काढताना कठीण संज्ञांच्या जागी परिचित शब्द घालण्याचे काम यंत्राकडे सोपविले. यंत्राला तिघेही सारखेच. त्याने मुंडकाराचा भाडेकरू करून टाकला.

गोव्याबाहेरच्या वाचकाला यात काय बिघडले ते कळणार नाही. भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीवरील घरात कायम राहणारा तो मुंडकार. 1975 च्या कायद्याने त्याला निष्कासनापासून संरक्षण दिले, घर विकत घेण्याचा हक्कही दिला. पण घराबद्दल भाटकाराला भाडे देणाऱ्यास त्याच कायद्याच्या व्याख्येने वगळले आहे. म्हणजे आमच्या पत्रकाने ज्या शब्दाला सोपे केले, त्याचा हक्कच काढून घेतला होता.

एके सकाळी एक वृद्ध बाई नातवाने लिहिलेला अर्ज घेऊन आली. अर्जात आमच्याच पत्रकावरून उतरविलेले वाक्य होते: ‘मी भाडेकरू म्हणून राहते.’ आम्ही विचारले, भाडे किती देता? ती चकित होऊन म्हणाली, “बाब, हांवें भाडें केन्नाच दिवंक ना.” अर्ज अजून दाखल झाला नव्हता, हे तिचे सुदैव. आमच्या दक्षतेचा त्यात काही भाग नव्हता.

त्याच रात्री भाच्याला म्हटले, मुंडकारासाठी वेगळी खूण कर. तो म्हणाला, “मामा, खूण करणं सोपं आहे, ती चालवणं कठीण.” एक्सएमएलमध्ये घटकाला देवनागरी नावसुद्धा देता येते. पण रचनेच्या व्याकरणात नसलेला घटक दिसला की तपासनीस प्रणाली तो दस्तऐवज अमान्य ठरविते. डॉकबुक नावाच्या दुसऱ्या रचनेत भर घालण्याची मोकळीक अधिक. मात्र तसे केल्यावर तो दस्तऐवज शुद्ध डॉकबुक राहत नाही आणि नव्या घटकाचे काय करायचे ते प्रत्येक साधनाला वेगळे शिकवावे लागते. डिटाचा मार्ग निराळा आहे. तिथे नवा घटक जुन्या एखाद्या घटकाच्या पोटीच जन्मला पाहिजे, आणि जे जनकाला वर्ज्य ते त्याला ग्राह्य नाही. त्याच्या ‘क्लास’ या गुणविशेषात सारी वंशावळ नोंदलेली असते. नवे नाव न ओळखणारी प्रणाली ती वंशावळ मागे मागे वाचत जाते आणि ओळखीचा पूर्वज भेटला की त्याच्याप्रमाणे वागते. आमचा ‘मुंडकार’ परक्या ठिकाणी निदान ‘टर्म’ म्हणून तरी छापला जाईल, अडून राहणार नाही.

हे ऐकून आम्हांला घरी आल्यासारखे वाटले. अधिनियमाखाली केलेले नियम मूळ अधिनियमाची मर्यादा ओलांडू शकत नाहीत. ओलांडली तर ते अधिकारबाह्य ठरतात. यंत्रवाल्यांनीही तोच विवेक पाळलेला पाहून आनंद झाला, आणि त्या आनंदात आम्ही नव्या घटकांची लांबलचक यादी करून बसलो. भाच्याने एकच प्रश्न केला: “यांतल्या किती शब्दांना वेगळी वागणूक द्यायची आहे?” नुसते निराळे दिसायचे असेल, तर आहे त्याच घटकाला ‘आउटपुटक्लास’ या गुणविशेषाची जोड पुरते. प्रत्येक नवा घटक व्याकरणात लिहावा लागतो, छपाईच्या नियमांत बसवावा लागतो, टंकलेखकाला शिकवावा लागतो. यादी उतरत उतरत तीनवर आली: मुंडकार, कूळ, भाडेकरू. या तिघांच्या जागी यंत्राने दुसरा शब्द घालू नये, एवढाच नियम जोडला. जुनी पत्रके परत मागविली. जी मिळाली नाहीत त्यांची टोचणी अजून आहे.

बाईचा अर्ज आम्ही नव्याने लिहून दिला. मार्गदर्शिकेत आता तीन खुणा आहेत आणि यंत्र त्यांत गल्लत करीत नाही. पण कोणती खूण कुणाला लावायची हे यंत्र सांगत नाही. म्हणून ती लावण्यापूर्वी आम्ही समोरच्या माणसाला अजूनही विचारतो, भाडे देता काय?